घासलेला काटा आणि अचलपूरची फेरी

अकोल्याहून अचलपूरला जायचं ठरलं ते चिंचेमुळे.

सासरे सोनार. अंजनगावपासून गावोगावचे बाजार करायचे. ते गेल्यावर मोहरा-पुतळ्या तोलायचा त्यांचा फिरता काटा बायकोकडे, सुनंदाकडे आला. चष्म्याच्या डबीएवढी शिसवी पेटी, आत बोटभर दांडी, दोऱ्यांना लटकलेली दोन पितळी पारडी आणि वजनाला मूठभर लाल गुंजा. माझं भांड्यांचं दुकान. सायकलवर गुंड-तपेल्या विकून वर आलेल्या माणसाला मळकं पितळ बघवत नाही. चिंच-राख लावून पारडी लख्ख केली. एकाखाली काळा डाग होता, तोही नखाने खरवडला.

रविवारी साळा आला. त्याने काटा उचलला, तर दोन्ही पारडी रिकामी असून एक खाली! "पाह्य ताई, बाबा असे कमावत होते!"

तो हसला, सुनंदा हसली नाही. "माह्या बाबाचा काटा कधी खोटा नोयता," एवढंच म्हणाली आणि आत गेली. दोन दिवस घरात भांडीच तेवढी बोलत होती. तिसऱ्या दिवशी मी पेटी खिशात घातली. सासऱ्यांसोबत बाजार केलेले वासुदेवकाका अचलपुरात आहेत. खरं काय ते त्यांनाच ठाऊक.

सकाळी सातची एसटी धरा. अकोट, अंजनगाव, परतवाडा असे तीन तास. रस्त्याचं काम लागलं तर साडेतीन. खिडकी डावीकडची घ्या, अकोटनंतर सातपुडा सोबत चालतो. माझ्या मागच्या सीटवर दोन बाया होत्या.

"जवाई कसा हाय वं?"

"चांगला हाय, पन बोलतच नाही."

"मंग चांगलाच हाय की!"

परतवाड्याला उतरलात की स्टँडबाहेर तर्री ओतलेला आलूबोंडा खा. वीस रुपयांत डोळ्यांतून पाणी. तिथून शेअर ऑटोने अचलपूर.

काकाजी ऐंशीच्या पुढचे. दुकान मुलगा पाहतो, ते गादीवर बसून चहा पितात. पेटी पाहून चेहरा उजळला. काटा उचलला, पारडं झुकलं, आणि त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"जवाईबापू, पारड्याखालची लाख कुठी गेली?"

"थो काळा डाग? थो तं म्या घासून काढला."

काकाजी एवढे हसले की बशीतला चहा धोतरावर. "भांडेवाला जवाई करू नको, म्हनलं होतं तुमच्या सासऱ्याले!"

दोन पारडी हातानं अगदी सारखी घडत नाहीत. हलक्या पारड्याला लाखेचा ठिपका लावून जुळवतात, त्याला पासंग म्हणतात. मी नेमका तोच खरवडला होता. त्यांनी लाख तापवून ठिपका लावला, जास्तीची सुईने कण कण काढली. दांडी सरळ.

"झालं?" मी विचारलं.

"कायचं झालं! रिकामा काटा तं चोराचाबी सरळ उभा राह्यते."

त्यांनी बोटातली अंगठी एका पारड्यात टाकली, दुसऱ्यात गुंजा. बरोबर. मग अंगठी तिकडे, गुंजा इकडे; दांडीची एक बाजू लांब असली तर अदलाबदलीत लबाडी उघडी पडते. दांडी थरथरली. आणि सरळ उभी राहिली!

"गिऱ्हाईक मागो न मागो, तुमचा सासरा दोनी पारड्यात तोलून दाखवे. मी हसो त्याले. गिऱ्हाईक मात्र त्याच्याकडंच जाये."

पैसे घेईनात. "एक तपेली पाठवजा. थे मात्र घासून पाठवजा."

संध्याकाळी घरी डागासकट सगळं कबूल केलं. सुनंदाने बाबांनी दिलेली सोन्याची सुटी पुतळी आणली. एकदा इकडे तोलली, एकदा तिकडे. मग भावाला व्हिडिओ कॉल लावला. "नीट पाह्य. दोनी बाजूनं पाह्य." त्याने कान धरले तेव्हा कुठे फोन ठेवला, आणि चिंचेची बरणी उचलून सगळ्यांत वरच्या फळीवर नेली.

"तिथं तुहा तरी हात पुरते का?"

"स्टूल माह्याजवळ हाय."

प्रवासाचा खर्च पाचशेच्या आत. पितळ आता पुन्हा काळवंडू लागलंय. दुकानातलं सगळं लखलखतं, घरातला हा एक काटा तेवढा मळकट. रोज पाहतो, हात शिवशिवतात, आणि ते हात खिशात घालतो.