बोटीचा एक मार्क

सौसरच्या मराठी शाळेत मी भूगोल शिकवत होते. एकदा परीक्षेत प्रश्न घातला, 'अंदमानात एका बेटावरून दुसऱ्या बेटावर लोक कसे जातात?' रामाकोन्याच्या एका मुलीनं लिहिलं, 'बोटीने'. मी फुली मारली. माझं उत्तर होतं, 'पुलाने'. नकाशात बेटं अगदी चिकटून दिसत होती, आणि जाम नदीपेक्षा मोठं पाणी मी तोवर पाहिलं नव्हतं. पण हातात लाल पेन होतं, म्हणजे बाईंचंच खरं.

त्या एका मार्कानं तिचा पहिला नंबर गेला. आता तिचं पांढुर्ण्यात कापडाचं दुकान आहे. मी दिसले की ती गिऱ्हाइकांसमोर हात पुढे करते, "बाई, माझा मार्क!"

"पूल असतील वं. तू पाहून आली का?" असं म्हणून मी तीस वर्षं काढली.

यंदा लेकीनं मलाच अंदमानला नेलं. नागपूरहून दोन विमानं करून पोचलो. पुढच्या बेटावर जायला बोट होती. अर्ध्या वाटेत ती अशी डोलायला लागली, की उलटीची पिशवी तोंडाशी धरून मी नवस बोलले, 'किनाऱ्याला लागले तर तिचा मार्क देईन.'

लागले. धक्क्यावरूनच फोन केला.

"बाई, कुठून बोलून राहिल्या?"

"बेटावरून. इथं पूल नाही. अर्धा मार्क घे."

"अर्धा काहून?"

"परत पण बोटीनंच यायचं आहे नं!"