लंडनचा घाट

आमचे सयाजीतात्या वाई-पाचगणी घाटात जीप चालवतात. यंदा ते लेकाकडे लंडनला जाऊन आले. मुंबईहून जाताना विमानाला येतानापेक्षा तासभर जास्त लागला, यावरून त्यांनी ओळखलं, की लंडन उंचावर आहे. शिवाय तिथं पाचगणीसारखी थंडी! लेकानं फोनवर वाऱ्याचं कारण सांगितलं, तर त्यालाच झापलं, "गप रं! चढ-उतार मला शिकवतोस व्हय?"

आता घाट उतरताना ते प्रवाशांना ऐकवतात, "विमानवाले लय लुटत्यात गड्या! चढायला जेवढं तिकीट, उतरायलाबी तेवढंच!"

परवा मागच्या सीटवरची म्हातारी म्हणाली, "आवं तात्या, तुमीबी तेवढंच घेता की!"

तात्यांनी जोरात हॉर्न वाजवला. समोर कुणीच नव्हतं.