विझणारा स्टोव्ह
परवा सायकलची साखळी पुसायला कुणीतरी रॉकेल काढलं आणि त्या वासासरशी मला अंबरनाथची आमची चाळ आठवली. माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. भर दुपारी नणंदेला कळा सुरू झाल्या, सुईण आतून "पाणी उकळा, लवकर!" म्हणून ओरडत होती आणि माझा स्टोव्ह काही केल्या पेटता राहत नव्हता. शेगडीचे कोळसेही नेमके संपलेले. मी पिन मारली, पंप मारून मारून हात भरून आले. ज्योत क्षणभर निळी व्हायची, फुरफुरायची आणि पिवळी पडून विझायची. सासूबाई दाराशी येरझारा घालत होत्या. "अगं, एवढंही जमेना का तुला?" तेवढ्यात शेजारची सिंधी बाई धावत आली. तिनं स्टोव्हमधलं रॉकेल काचेच्या पेल्यात ओतून उजेडात धरलं. तळाशी पाणी साचलेलं दिसत होतं. सकाळी रॉकेलचा डबा मीच विसळला होता आणि न वाळवताच भरला होता. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, पेला ओढणीआड घेतला आणि स्वतःच्या घरचं रॉकेल आणून स्टोव्हमध्ये भरलं. स्टोव्ह घरघरत पेटला. "काय झालं होतं गं त्याला?" सासूबाईंनी विचारलं. "वॉशर सूख गया था, अम्मा," ती म्हणाली. दिवस मावळायच्या आत भाचा झाला, बाळ-बाळंतीण सुखरूप. सासूबाई जाईपर्यंत मी त्यांना खरं सांगितलं नाही. आता कुणाला सांगायचं म्हटलं, तरी आधी त्या बाईला विचारावं असं वाटतं.