हौदातलं कोरडं पागोटं

भाऊ हौदात उतरत तेव्हा कमरेला पंचा आणि डोक्यावर पागोटं असे. पंचा भिजला तर चालेल, पागोटं भिजता कामा नये. हा त्यांच्या बायकोचा, आमच्या बाईंचा हुकूम होता. भाऊ आमच्या गावचे मालगुजार, सारा गोळा करणारे जमीनदार. सरकारनं मालगुजारी काढून घेतली, पण आमच्या तोंडातून तो शब्द गेला नाही आणि भाऊंच्या चालण्यातूनही गेला नाही.

आमचं गाव आरमोरीच्या बाजूचं. गावचा तलाव भाऊंच्या आज्यानं बांधलेला. आम्ही ढिवर त्याच पाण्यात मासे धरून जगलो. पण ज्यांचा तलाव त्यांनाच पोहता येत नव्हतं. भाऊंचे वडील त्या तलावात बुडून गेले तेव्हा भाऊ रांगत होते. पुढे आईनं त्यांना तलावाच्या पाळीवर, बांधावर, चढू दिलं नाही, मग पाण्यात कुठलं उतरू देते. चाळिशी उलटली तेव्हा भाऊंनी मनात घेतलं, ज्या पाण्यानं बाप नेला ते एकदा पोहून पार करायचंच. पण तलावात शिकायचं म्हणजे साऱ्या गावासमोर गटांगळ्या खायच्या. ते त्यांना जमणारं नव्हतं. म्हणून मागच्या वाडीत विहिरीला लागून दगडचुन्याचा हौद बांधून घेतला, भोवती माणूसभर उंच भिंत घातली, आणि मला बोलावलं.

“सोमा, मले पोहणं शिकवशील?”

“शिकवीन. पण पाण्यात मी म्हणीन तसं. तिथी मालगुजारी चालणार नाई.”

“अन् बाहेर?”

“बाहेर तुमी म्हणान तसं.”

भाऊ हसले. मी तिसरी शिकलेला माणूस, पण वाकून बोलणं मला तेव्हाही येत नव्हतं, आताही येत नाही. भाऊंना ते चाललं, म्हणून आमचं जमलं.

बाईंना मात्र हे काही पटलं नव्हतं. सासरे बुडाले त्या घरात पाण्याचं नाव काढलं तरी त्या उठून आत जात. पण नवराही हट्टी. शेवटी त्या हौदापाशी येऊन म्हणाल्या, “उतरा. पण पागोटं घालून. डोकं वर राह्यलं म्हणजे माणूस वर राह्यला. घरात आले की मी हात लावून पाहीन. ज्या दिवशी ओलं लागलं, त्या दिवशी हौदात माती.”

हौद घरी बांधणं म्हणजे घरात अजून एक जनावर पाळण्यासारखं, हे आम्हाला मागून कळलं. त्याला भरायचा तर मोटेला बैल जुंपा. नांगराच्या वेळी बैल मोटेवर, म्हणून गडी कुरकुरत. पाणी जरा थांबलं की शेवाळ. ते घासायला मीच. कडुनिंबाचा पाला काढायलाही मीच. बेडकांनी तर हौद आपल्यासाठीच बांधला असं धरलं होतं. तळाला भेग गेली ती कितीदा चुना भरला तरी बुजेना. ते पाणी भिंतीखालून शेजारच्या म्हातारीच्या वांग्यांना जाई. तिची वांगी अशी धरली की ती रोज विचारी, “भाऊ, भेग बुजवून तर नाई राह्यले ना?” भाऊ म्हणत, “हौद माह्या, खर्च माह्या, अन् भरीत बुढीचं.”

पण उन्हाळ्याच्या दुपारी, गाव झळांनी कोंडून पडलेलं असताना, भाऊ गळ्याइतक्या पाण्यात उभे राहत. पितळेची परात पाण्यावर सोडलेली, परातीत पानाचा डबा. लाट आली की परात दूर जाई आणि भाऊ तिला हळूच जवळ बोलावत, बकरीला बोलवावं तसं. तेव्हा त्यांच्या तोंडावर जे सुख दिसे ते मालगुजारी होती तेव्हाही मी पाहिलं नव्हतं.

शिकायला मात्र वेळ लागला. पाठीला वाळका भोपळा बांधून हातपाय आले. भोपळा सोडला की पागोट्याच्या काळजीनं मान ताठ, आणि मान ताठ की पाय खाली. एक दिवस गेलेच पाण्याखाली. वर ओढले तर पागोट्यातून धारा. खोकता खोकता म्हणाले, “सोमा, आता माती.”

मी म्हटलं, “काऊन? तुमच्याकडे पागोटं एकच आहे का?”

त्या दिवसापासून मोटेच्या खोपीत एक दुसरं पागोटं राहू लागलं, तसंच पांढरं. ओलं झालं की बदलायचं. बाई दारात उभ्या राहत, हात लावत, “कोरडं आहे” म्हणत आणि ताट वाढायला जात. आम्हाला वाटे, काय जिंकलं.

पुढच्या पावसाळ्यात तलाव तुडुंब भरला. भाऊ म्हणाले, “आता तिथी.” सारं गाव पाळीवर जमलं. बाईही आल्या. भाऊ पागोटं घालून उतरले, मी बाजूनं पोहत होतो. मधोमध त्यांचा हात जड पडला. मी जवळ सरकलो तर म्हणाले, “हात लावू नको.” मी सांगितलं, “मग मान सोडा. पागोट्याचा विचार सोडा.” त्यांनी डोकं पाण्यात टाकलं आणि सपासप निघाले.

पलीकडे पोचून आम्ही पाळीवरून चालत आलो. बाईंनी पागोट्याला हात लावला. “ओलं आहे.”

भाऊ मान खाली घालून उभे.

बाई माझ्याकडे वळल्या. “खोपीतलं आणलं नाई का आज?”

भाऊ म्हणाले, “तुले कधी समजलं?”

“पहिल्याच दिवशी. पागोटं कोरडं, अन् खालून कानावर पाणी गळून राह्यलं. मी काय आंधळी आहे?”

“मग माती काऊन नाई टाकली?”

“हात लावला की खाली तुमी जिते लागत होते. पागोट्याशी मले काय करायचं?”

त्यानंतर हौदाला कोणी नावं ठेवली नाहीत. परात तरंगत राहिली, म्हातारीची वांगी धरत राहिली.

भाऊ पुष्कळ वर्षांनी गेले, म्हातारे होऊन, खाटेवर. बांधून नेताना डोक्याला पागोटं घातलं होतं. बाई उठल्या, जवळ आल्या आणि सवयीनं त्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग मला म्हणाल्या, “सोमा, आज खरंच कोरडं आहे.”