एका मशीनचे वाटे

“एका मशीनचे वाटे घालायचे. त्यात काय अवघड? हिच्या घरचाच धंदा आहे तो.”

आमच्या विभागाचे प्रमुख विद्याधर सर हे मराठीत म्हणाले. इंदिरानगरच्या आमच्या ऑफिसात, काचेच्या मीटिंग रूममध्ये, भर दुपारी. मी फळ्याजवळ उभी होते. हातात मार्कर. गाव कन्नड मुलखातलं, खोलीत मराठी कळणारे आम्ही तिघंच. सर, अद्वैत आणि मी. पण सरांचं तेवढ्यावर भागणार नव्हतं. त्यांनी तेच इंग्रजीत सगळ्यांना समजावून सांगितलं. हिच्या वडिलांचं शिवाजीनगरात मटणाचं दुकान आहे, आणि एक सर्व्हर कापून त्याचे अनेक सर्व्हर करायचे म्हणजे तरी दुसरं काय! मग सगळी खोली हसली.

मीही हसले. त्या हसण्याचा मला त्यांच्या हसण्यापेक्षा जास्त राग आहे.

मी फळ्यावर काय समजावत होते ते सांगते. आमची कंपनी दवाखान्यांना बिलिंगचं सॉफ्टवेअर पुरवते. सर्व्हर रूममधली मशीनं जुनी झाली होती, नवी घ्यायची होती. एका दणकट मशीनवर एक खास सॉफ्टवेअर बसवायचं आणि त्या एकाच मशीनच्या पोटात अनेक सर्व्हर चालवायचे. प्रत्येकाला वाटतं, अख्खं मशीन आपलंच. यालाच व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. इतकी वर्षं आम्ही ते एकाच सॉफ्टवेअरवर करत आलो. मग त्याचा भाव लावायची रीत बदलली. पूर्वी प्रोसेसरमागे पैसे होते, आता प्रोसेसरच्या आतल्या प्रत्येक कोअरमागे, तेही दरवर्षी. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एकेक हात. जितके हात तितकं भाडं.

दोन रस्ते होते. जुनंच सॉफ्टवेअर ठेवायचं आणि थोड्या पण वेगवान कोअरचा प्रोसेसर घ्यायचा, म्हणजे भाडं आटोक्यात राहतं. हा अद्वैतचा रस्ता. किंवा ते सॉफ्टवेअर सोडून सगळ्यांसाठी खुलं असलेलं दुसरं घ्यायचं, ज्याला कोअरचा हिशेबच नाही, आणि मग भरपूर कोअरचा, दुसऱ्या बनावटीचा प्रोसेसर बिनधास्त घ्यायचा. हा माझा रस्ता. दोन जुन्या मशीनवर मी ते खुलं सॉफ्टवेअर कित्येक महिने चालवून बघितलं होतं. मुद्दाम बंद पाडलं होतं, परत उभं केलं होतं. अद्वैतचा रस्ता चुकीचा होता असं मी तेव्हाही म्हणत नव्हते. सॉफ्टवेअर सगळ्यांच्या सवयीचं, अडलं तर फोन करायला कुणीतरी. माझ्या रस्त्यात सगळं आपलं आपण शिकायचं. शिवाय एका बनावटीच्या प्रोसेसरवर चालत असलेला सर्व्हर दुसऱ्या बनावटीच्या प्रोसेसरवर चालता चालता हलवता येत नाही. बंद करावा लागतो, तिकडे नेऊन परत चालू करावा लागतो. हे सगळं मी लपवलं नव्हतं. फळ्यावर लिहिलं होतं.

ज्याची निवड मान्य होईल, नव्या सर्व्हर रूमची जबाबदारी त्याची. हे सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मला ती हवी होती. तिच्यासाठी मी जळत होते.

खरं म्हणजे मी अद्वैतवर जळत होते. ते स्पष्टच सांगते. तो पुण्याचा. माझ्यानंतर लागला. उंच, देखणा, कायम नुकताच झोपून उठल्यासारखा. पण त्याचं मला काही नव्हतं. त्याच्या एकाच गोष्टीवर माझा जीव जळायचा. मीटिंगमध्ये कुणी काही विचारलं की तो खुर्चीत मागे रेलून म्हणायचा, “आयडिया नाही. बघून सांगतो.” आणि त्याचं काहीही बिघडायचं नाही. उलट लोक म्हणायचे, किती प्रामाणिक मुलगा. मी तसं एकदा म्हणाले, तर सर म्हणाले, “अभ्यास करून येत जा.” त्याचं न कळणं त्याच्यापुरतं होतं. माझं न कळणं माझ्या अख्ख्या घराण्याचं होतं. मला त्याचा पगार नको होता, त्याचे बूट नको होते. मला त्याची ती ‘आयडिया नाही’ हवी होती.

आणि मला त्याचे शनिवार हवे होते.

सरांच्या घरी शनिवारी सकाळी नाश्ता असायचा. “आपली मराठी मंडळी,” सर म्हणायचे. परक्या गावात आपल्या माणसांनी एकत्र बसावं म्हणून. अद्वैत जायचा, अकाउंट्समधल्या प्राजक्ता मॅडम जायच्या, आणखी कुणी कुणी. सोमवारी जेवणाच्या टेबलावर त्याची उजळणी चाले. वहिनींची थालीपिठं, सरांचा कुत्रा, कुणी काय गायलं. आणि कुठलं मशीन घ्यायचं, कुणाला कुठल्या कामावर टाकायचं, हेही तिथंच ठरलेलं असायचं. सोमवारच्या मीटिंगमध्ये आम्ही बाकीचे फक्त माना डोलवायचो.

मला कधी बोलावणं आलं नाही. मी काय मराठी नव्हते? आमच्या चार पिढ्या या गावात गेल्या. घरात मराठीच. पण ती मराठी कन्नडला चिकटून वाढलेली, शिवाजीनगरच्या दखनी उर्दूत भिजलेली. नोकरीच्या पहिल्याच दिवशी सर मराठी ऐकून खूश झाले होते. आडनाव विचारलं. मूळ गाव विचारलं, ते मला सांगता आलं नाही. मग विचारलं, “वडील काय करतात?” मी सांगितलं. त्या दिवसापासून सर माझ्याशी हिंदीत बोलायला लागले. अद्वैत शेजारी बसलेला असला की त्याच्याशी मराठी आणि मान वळवून माझ्याशी हिंदी. चिडवायचं असलं की मात्र मराठी आठवायची.

शनिवारी सकाळी आमच्या दुकानात गिऱ्हाईक कमी. मी अप्पांबरोबर बसायचे आणि मनात इंदिरानगरच्या त्या घराचा जिना चढायचे. आता ते बसले असतील. आता अद्वैत हसत असेल. आता माझं काम कुणीतरी दोन वाक्यांत निकालात काढत असेल. हेव्यानं मला घास गिळवत नसे. अप्पा म्हणायचे, “काय गं, अन्नावर राग?”

त्या हसण्याच्या दुपारनंतर एक अडचण झाली. सरांची अडचण. कंपनीच्या मालकीण शैलजा मॅडम, इथल्याच, कन्नड. त्यांना कळलं की दोघांनी दोन वेगळ्या निवडी सुचवल्यात. त्यांनी सरांना निरोप दिला, दोन्ही घेऊन या, किंवा दोघांचं एकमत करून या.

शुक्रवारी सर माझ्या टेबलापाशी आले. मराठीत बोलले. “उद्या घरी ये नाश्त्याला. वहिनी कधीची म्हणतेय. जरा बसून ठरवू.”

मला आनंद झाला. शरम वाटावी इतका आनंद झाला.

घरी येऊन अप्पांना सांगितलं. ते दुकान धुऊन वर आले होते, हात पुसत होते. त्यांचाही चेहरा फुलला. “जा की! मोठी माणसं आपण होऊन बोलावतात तर. रिकाम्या हातानं जाऊ नको मात्र.”

“काय नेऊ?”

ते थांबले. आमच्या घरातून कुणाला काही द्यायचं तर जे दिलं जातं ते तिकडे चालणार नव्हतं. अव्वा, माझी आई, म्हणाली, “मी करजिकाई करून देते स्वल्प.” करजिकाई म्हणजे इथल्या करंज्या. अव्वाच्या हातच्या करजिकाईला आमच्या गल्लीत तोड नाही.

“नको,” अप्पा म्हणाले. “घरातलं नको. विकतची मिठाई ने. मोठ्या दुकानातली. वर नाव छापलेली. बंद डब्यातली.”

ते रागानं म्हणाले नाहीत, दुःखानं म्हणाले नाहीत. पाऊस आहे, छत्री ने, असं सांगावं तसं म्हणाले. अव्वानेही मान हलवली आणि आत गेली. त्या दोघांना ते ठाऊक होतं. कधीपासून ठाऊक होतं? कुणाच्या दारात शिकले होते? मी विचारलं नाही. त्यांनी मला शिकवलं, वाढवलं, इंजिनिअर केलं, आणि आमच्या चुलीवरचं कुठं चालत नाही हे मात्र इतकी वर्षं माझ्यापासून झाकून ठेवलं.

मी गेले. बंद डबा घेऊनच गेले. मला ते टेबल बघायचं होतं.

घर छान होतं. हे मान्य करायला हवं. खिडकीत कुंड्या, भिंतीला पुस्तकं. वहिनींनी हसून दार उघडलं. डबा हातात घेतला.

“अगं, हे कशाला? कुठून आणलंस?”

मी दुकानाचं नाव सांगितलं.

“हो का? अरे वा!” आणि मग त्यांनी झाकण उघडलं. तेव्हाच उघडलं. नाव ऐकल्यावर. बशीत काढून सगळ्यांपुढे ठेवलं. त्या बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना स्वतःलाही कळलं नसेल. पण मी ते पाहिलं, आणि अप्पांनी कधी न पाहिलेलं हे घर त्यांना किती पाठ आहे, तेही पाहिलं.

मी खुर्चीत बसले. तीच खुर्ची, जिच्यासाठी इतके शनिवार कुढले. अद्वैत थालीपिठावर लोणी पसरत होता. माझ्याकडे बघून हसला. चांगला मुलगा आहे तो. त्याचाच जास्त त्रास होतो.

सर म्हणाले, “तुझं टेस्टिंग उत्तम आहे. खरंच. फक्त शेवट बदल. लिही, की सगळं तपासल्यावर जुनंच सॉफ्टवेअर आणि कमी कोअरवाला प्रोसेसर बरा वाटतो. दोघांचं एक मत गेलं की मॅडमपुढं बरं दिसतं. सेटअप अद्वैत बघेल. तू त्याच्या हाताखाली राहा. तुझा हात चांगला आहे.”

तर यासाठी बोलावलं होतं. मी हवी होते म्हणून नाही, माझी मान हवी होती, डोलवायला.

“नाही, सर.”

“नाही म्हणजे?”

“शेवट बदलणार नाही. मी जे तपासलं त्याचा तोच शेवट आहे. मॅडमना दोन्ही दाखवा. आणि सर्व्हरचं काय ते ऑफिसात ठरवा. इथं नाही.”

लोण्याची सुरी थांबली. वहिनी म्हणाल्या, “अगं, आधी खाऊन तर घे.”

“एवढं चिडायला काय झालं?” सर म्हणाले. “घरच्यासारखं बोलतोय मी.”

“मी घरची नाही, सर. मी ऑफिसातली आहे. तिथं जे माझं आहे ते तिथंच द्या.” माझा आवाज थरथरत होता. थरथरू दिला. “आणि त्या दिवशी अप्पांच्या धंद्यावरून जे बोललात, ते परत बोलायचं नाही. मराठीत नाही, इंग्रजीत नाही.”

कुत्रा टेबलाखालून सरकला. मी उठले, वहिनींना येते म्हणाले, चपला घातल्या. जिना उतरले. रस्त्यावर येऊन रिक्षा थांबवली आणि सरळ घरी आले.

सोमवारी मॅडमसमोर दोन्ही निवडी गेल्या. मी माझी सांगितली, अद्वैतने त्याची. मॅडमनी दोघांनाही नीट विचारलं. मग अद्वैतची निवड घेतली. त्यांची कारणं त्यांनी सांगितली, ती मी ऐकली. नवी सर्व्हर रूम अद्वैतकडे गेली. मी आता लोकांचे लॅपटॉप आणि विसरलेले पासवर्ड सांभाळते. सर माझ्याशी इंग्रजीत बोलतात, अगदी सभ्य. विनोद करत नाहीत.

हेवा संपला का? नाही संपला. नवी मशीनं आली त्या दिवशी अद्वैत खोकी फोडत होता आणि मी काचेबाहेर उभी राहून एकेक मशीन मोजत होते. ते काम मला हवं होतं. आजही हवं आहे. त्या हेव्याची मला लाज वाटत नाही, तो माझ्या हक्काचा आहे. त्या टेबलाचा, त्या शनिवारांचा हेवा मात्र त्या जिन्यावरच सुटला. आत काय आहे ते मी बघून आले.

अप्पांनी विचारलं, “काय झालं तिथं?” मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “नोकरी गेली तर?”

“गेली तर दुसरी शोधीन.”

“सरी,” ते म्हणाले. ठीक आहे, एवढंच.

हे प्रोसेसरही जुने होतील. सॉफ्टवेअरचा हा करारही संपेल. परत निवड करायची वेळ येईल, या कंपनीत नाही तर दुसऱ्या. माझं वाचन चालू आहे, तपासणं चालू आहे. तेव्हा मी फळ्यापुढे उभी राहीन. जे कळत नसेल त्याला कळत नाही म्हणेन, मान वर ठेवून. कुणी माझ्या घरावर हसलं तर मी हसणार नाही, बोलणं थांबवीन आणि हसणारा गप्प होईपर्यंत तिथंच उभी राहीन. माझं मत कुणाच्या घरी बसून बदलणार नाही. हरायचं झालं तर ऑफिसात, सगळ्यांच्या देखत हरेन.