आत्याचं अर्धं गाणं

आमच्यात लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. धवलेरी म्हणजे लग्नाचं गाणं पाठ असलेली म्हातारी. तिचं गाणं संपलं की लग्न लागलं. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर शेवटची धवलेरी माझी आत्या. गेल्या वर्षी डॉक्टरांनी तिच्या छातीचा एक्सरे पाहिला आणि मला एकटीला आत बोलावलं. बाहेर आले ते गाणं उतरवून घ्यायचं ठरवूनच.

मला ते येत नाही. सहाव्या वर्षी मी शहापूरकडे आश्रमशाळेत गेले. तिथे ‘नाही’ऐवजी ‘नाय’ म्हटलं की बाकावर उभं करत. लग्नसराईत परीक्षा असायच्या.

वही आणि मोबाइल घेऊन गेले, तर आत्या म्हणाली, “मांडव कुटं हाय?”

“मांडव नाही. नुसतं म्हण, मी लिहून घेते.”

“नुसता म्हनत नाय गो. देव येतील नि इचारतील, नवरी कुटं? काय सांगू, नवरी नाय, वही हाय?”

पाड्यावर ठरलेली लग्नं भटजी-डीजेची. आत्याला गाऊ द्या म्हणून दोन घरी जाऊन हात जोडले. एक नवरदेव म्हणाला, “ताई, म्हातारी खोकंल, व्हिडिओ खराब होईल.”

तेव्हा आत्याच म्हणाली, “तुजा तरी लगीन कुटं लागलाय? कचेरीत सही केलीस तू.”

बावीस वर्षांचा संसार, मुलगी कॉलेजात. नवरा घाटावरचा. “एकदा केलं ते पुरलं नाही का?” म्हणाला, पण त्याने रजा टाकली.

आम्ही आत्याच्या अंगणात मांडव घातला. मुलीने मोबाइल धरला. आत्याने गावदेव बोलावला, डोंगराचा देव बोलावला, धान्याची देवी बोलावली. मग आवाज चिरला, मग तोंडातून नुसता वारा येऊ लागला. तिने माझा दंड धरला. “म्हन पुढं.”

मी मांडवात जमलेल्या बायकांकडे पाहिलं. त्या माझ्याकडे पाहत होत्या. मी आत्याच्या तोंडाशी कान नेला आणि ऐकू येईल तसं म्हणू लागले. चुकलं की ती मांडीवर चापट मारी. तीन ओळी मिळाल्या. चौथीला तिला ठसका लागला तो थांबेना. दोघींनी तिला उचलून घरात नेलं.

बोलावलेले देव परत पाठवायचं गाणं शेवटी असतं. ते आत्याजवळच राहिलं.

“आई, आता उठायचं का?” मुलीने विचारलं.

मला माहीत नव्हतं. मांडवात कोणालाच माहीत नव्हतं.