मलिद्याचा वास आणि गुडघ्यांची ओळ

परवा अलिबागला एका बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या यहुदी, लग्नघरी मलिद्याचं ताट पुढे आलं. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, वेलची. त्या वासासरशी माझा चाळीस वर्षांपूर्वीचा मत्सर जागा झाला.

रेवदंड्याला आमच्या शेजारच्या रिबकामावशी ओटीवर मलिद्यासाठी नारळ खवत होत्या. मी धर्मशिक्षक व्हायला निघालेला ख्रिस्ती तरुण. पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या पत्रांत यहुदी शास्त्रातलं काय काय, कुठून घेतलं ते न सांगता, आलंय, ते हुडकायचो. त्या दिवशी एक पत्र मोठ्यानं वाचत होतो. सगळे गुडघे टेकतील, या ओळीवर मावशी मान न उचलता म्हणाल्या, "हे आमच्या प्रार्थनेत हाय रे. माझे बाबा रोज म्हनायचे."

महिनाभर जाडजूड कोश चाळून मला जे दिसलं नव्हतं, ते या बाईंना नारळ खवता खवता ऐकू आलं! असा जळफळाट झाला की मी पुस्तक मिटून उठलोच.

परीक्षेत मात्र तेच लिहिलं. सरांनी कौतुकानं विचारलं, "हे सापडलं कसं?"

"वाचता वाचता," मी म्हणालो.

आज मला अशा कितीतरी ओळी ठाऊक आहेत. पण एकही मला माझ्या बापाच्या आवाजात ऐकू येत नाही.